ख्रिसमसचं नाव नेमकं कुणी बदललं? ‘विंटरव्हल’ची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की एक गोष्ट दरवर्षी नव्याने फिरू लागते. ब्रिटनमधल्या एका शहराने म्हणे इतर धर्मीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून ख्रिसमसचं नाव बदलून ‘विंटरव्हल’ केलं. आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांतही ती येते आणि तिच्याखाली बहुधा एक ओळ जोडलेली असते: उद्या दिवाळीचंही असंच होणार. यातलं शहर खरं आहे, नावही खरं आहे. ख्रिसमसचं नाव बदललं, हा भाग मात्र खरा नाही. त्यामुळे ते नाव कशाला दिलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे मुळापासून पाहायला हवं.

शहर बर्मिंगहॅम. मोटारी आणि यंत्रांच्या कारखान्यांवर वाढलेलं हे शहर १९७० आणि १९८०च्या दशकांत कारखाने बंद पडू लागल्यावर खचलं होतं. नव्वदच्या दशकात महापालिकेने शहराचा मध्यभाग नव्याने उभा केला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र सुरू झालं, व्हिक्टोरिया स्क्वेअर पादचाऱ्यांसाठी मोकळा झाला, कालव्याकाठी नवी वस्ती आली. आता प्रश्न होता तो लोकांना तिथे आणण्याचा, तेही थंडीत, दुपारी चारलाच अंधार पडतो तेव्हा.

त्यासाठी १९९७ मध्ये महापालिकेच्या कार्यक्रम विभागाने २० नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर असा सलग हंगाम आखला. दिव्यांच्या रोषणाईचं उद्घाटन, बर्फावरचं स्केटिंग, फ्रँकफर्टच्या धर्तीवरचा ख्रिसमस बाजार, बीबीसीचा मुलांसाठीचा निधिसंकलन कार्यक्रम, नववर्षाची पूर्वसंध्या, असं बरंच काही त्यात होतं. पुढच्या वर्षी हंगाम आणखी लांबवला, ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि दिवाळीही त्यात आली. एवढ्या सगळ्या कार्यक्रमांची जाहिरात एकत्र करायची, प्रायोजकांसमोर एकच प्रस्ताव ठेवायचा, तर एक छत्र हवं होतं. त्या छत्राचं नाव विंटरव्हल, म्हणजे हिवाळा आणि फेस्टिव्हल यांची जोडणी. तेव्हाचे विभागप्रमुख माइक चब यांनी पुढे सांगितलं की, कुणाच्या भावना सांभाळणं हे यामागचं कारण कधीच नव्हतं. मात्र सगळ्यांना सामावून घेण्याचा हेतू होता आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. त्यांच्या म्हणण्याचे हे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत. एकच उचलला की गोष्ट कुठल्याही बाजूला वळवता येते.

आणि ख्रिसमस? तो होता तिथेच होता. महापालिकेच्या इमारतीवर ‘मेरी ख्रिसमस’चा फलक होता, चौकाचौकांत ख्रिसमसचे वृक्ष होते, शाळांची गायकवृंदं कॅरल, म्हणजे ख्रिसमसची गाणी, म्हणत होती, आणि महापौरांनी पाठवलेल्या शुभेच्छापत्रावर ख्रिसमसचंच पारंपरिक चित्र होतं.

पहिल्या वर्षी फारशी ओरड झाली नाही. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, बर्मिंगहॅमचे बिशप मार्क सँटर यांनी आपल्या चर्चेसना पाठवलेल्या संदेशात या नावावर टीका केली. ख्रिसमसचा उल्लेख टाळण्याची ही युक्ती पाहून आपल्याला हसू आलं, असं त्यांनी लिहिलं. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला वगळायचं नाही, या सद्हेतूने हे केलं असावं, असा अंदाजही त्यांनी केला. माझ्या मते सगळी गोष्ट इथे वळली. कारण बिशपांनी अंदाज केला होता आणि वर्तमानपत्रांनी तो माहिती म्हणून छापला. महापालिकेने दिलेला खुलासा स्थानिक बातमीपुरता राहिला. ‘भावना दुखावू नयेत म्हणून नाव बदललं’ हे वाक्य मात्र देशभर गेलं.

पुढची तेरा-चौदा वर्षं ते वाक्य स्तंभांत, अग्रलेखांत, राजकीय भाषणांत येत राहिलं. प्रत्यक्षात विंटरव्हल दोनच हिवाळे झाला होता. तिसऱ्या वर्षी ते नाव वापरलंच गेलं नाही. तरी २०१० मध्ये ब्रिटनचे मंत्री एरिक पिकल्स यांनी ‘विंटरव्हल’सारखी नावं इतिहासाच्या कचरापेटीत टाकायला हवीत, असं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या भाषणात म्हटलं की, इतर धर्मीय किंवा धर्म न मानणारे दुखावतील अशा शंकास्पद समजुतीने ख्रिसमस जाहीरपणे साजरा करू नये, असं सांगणारे लोक आहेत. शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये ‘डेली मेल’ या ब्रिटिश वृत्तपत्राने खुलासा छापला: विंटरव्हल हे १९९७ आणि १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या धार्मिक आणि इतर कार्यक्रमांच्या हंगामाचं एकत्रित नाव होतं; त्याने ख्रिसमसचं नाव बदललं नाही की त्याची जागा घेतली नाही. त्याच वृत्तपत्रातल्या सप्टेंबरमधल्या एका लेखाविरुद्ध तक्रार झाली म्हणून हा खुलासा आला. तोवर बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा ही गोष्ट ऐकतच मोठी झाली होती.

या सगळ्या काळात ज्यांच्या भावनांसाठी हे चाललंय असं सांगितलं जात होतं, ते काय म्हणत होते? २००८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका सांस्कृतिक संस्थेने हिवाळ्यातल्या कार्यक्रमांना ‘विंटर लाइट फेस्टिव्हल’ म्हटलं, तेव्हा शहराच्या मुस्लिम कौन्सिलच्या अध्यक्षांनी उघड नाराजी व्यक्त केली. ख्रिसमसची वाट सगळेच पाहतात, त्याचं नाव काढायचं कारण नाही, असा त्यांचा सूर होता. तिथल्या ज्यू धर्मगुरूंनीही तेच मत दिलं. म्हणजे ज्यांच्या वतीने काळजी घेतली असं मानलं गेलं, त्यांनीच ती नाकारली. ही बाजू दरवर्षीच्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

धार्मिक कारणासाठी ख्रिसमसवर खरोखर हात टाकला गेला तो साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, आणि तो टाकणारे ख्रिस्तीच होते. इंग्लंडमधल्या प्युरिटन पंथीयांना या सणाचं नावच खटकत होतं, कारण त्याच्या शेवटी ‘मास’, म्हणजे रोमन कॅथलिक उपासना, होती. त्यांच्यातले काही जण म्हणून ‘क्राइस्ट-टाइड’ असं म्हणत. पण नाव बदलून त्यांचं समाधान होणार नव्हतं. बायबलमध्ये या सणाची आज्ञा नाही, वर त्या दिवशी खाणंपिणं आणि धिंगाणा चालतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. यादवी युद्धाच्या काळात पार्लमेंटमध्ये त्यांचं वजन वाढलं आणि जून १६४७ मध्ये ख्रिसमस, ईस्टर आणि व्हिटसन हे तिन्ही सण वटहुकमाने रद्द झाले. त्या डिसेंबरात कँटरबरीला २५ तारखेला दुकानं उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, दुकानांची मोडतोड झाली आणि शहर काही काळ हाताबाहेर गेलं. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडमध्ये १६६० साली राजेशाही परतली आणि सणही परतला. स्कॉटलंडमध्ये मात्र त्या विरोधाची सावली इतकी लांब पडली की, तिथे ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली.

वर आलेल्या व्हिटसनचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा हा ख्रिस्ती सण. १८७१च्या बँक सुट्टी कायद्याने त्याच्या दुसऱ्या दिवसाला, म्हणजे ‘व्हिट मंडे’ला, सुट्टी दिली होती. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते तशी ही सुट्टीही हलायची आणि कारखान्यांची, शाळांची गैरसोय व्हायची. म्हणून १९७१च्या कायद्याने ती मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी कायमची नेली. नाव पडलं ‘स्प्रिंग बँक हॉलिडे’. एका पारंपरिक ख्रिस्ती सुट्टीचं धार्मिक नाव कायद्याने गेलं ते असं, वेळापत्रकाच्या सोयीसाठी. त्यावरून कुणी धर्म धोक्यात आल्याची हाक दिल्याचं आज कुणाला आठवतही नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे सरकारने कोणत्याही धर्माला अधिकृत दर्जा देऊ नये, अशी राज्यघटनेतच तरतूद आहे. ख्रिसमस १८७० पासून संघराज्याची सुट्टी आहे आणि कायद्यात तिचं नाव आजही ख्रिसमस डे असंच आहे. पण सरकारी आवारात कोणती प्रतीकं ठेवायची यावर खटले होत गेले. १९८४ आणि १९८९ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने येशूजन्माच्या देखाव्यांवर निकाल दिले. तेव्हापासून अधिकाऱ्यांना सावध शब्द वापरायची सवय लागली. वॉशिंग्टनमधल्या संसदभवनासमोरचा वृक्ष नव्वदच्या दशकात ‘हॉलिडे ट्री’ झाला आणि २००५ मध्ये सभापतींच्या सूचनेवरून पुन्हा ‘ख्रिसमस ट्री’.

युरोपातलं एक उदाहरण २०२१चं. युरोपीय आयोगाच्या एका अंतर्गत मार्गदर्शिकेत कर्मचाऱ्यांना सुचवलं होतं की, सगळे ख्रिस्ती असतील असं गृहीत धरू नका आणि ‘ख्रिसमसचा काळ’ म्हणण्याऐवजी ‘सुट्ट्यांचा काळ’ म्हणा. ती बाहेर फुटली, इटलीत आणि व्हॅटिकनमध्ये संताप उसळला आणि ३० नोव्हेंबरला आयुक्त हेलेना डाली यांनी ती मागे घेतली. इथेही कुठल्या अल्पसंख्याक संघटनेची मागणी पुढे आली नव्हती. कार्यालयात बसलेल्या सज्जनांनी इतरांच्या मनाचा अंदाज घेतला होता.

आता आपल्याकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये फॅबइंडियाने आपल्या एका वस्त्रमालिकेची जाहिरात ‘जश्न-ए-रिवाज’ या नावाने केली. मजकुरात प्रेम आणि प्रकाशाच्या सणाचा उल्लेख होता, त्यामुळे वाचणाऱ्याला दिवाळीच आठवावी यात नवल नाही. दिवाळीचं नाव बदललं, असा गदारोळ झाला. कंपनीला याची आर्थिक किंमत मोजावी लागली पाहिजे, असं भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी म्हटलं आणि जाहिरात मागे घेतली गेली. कंपनीचं म्हणणं होतं की, ही दिवाळीची मालिका नव्हतीच. ती ‘झिलमिल सी दिवाली’ या नावाने पुढे येणार होती. जाहिरातीचा मजकूर संदिग्ध होता हे मान्य. पण ‘दिवाळी म्हणू नका’ असं कुणा मुस्लिम व्यक्तीने किंवा संस्थेने म्हटलं नव्हतं, आणि राग मात्र उर्दू शब्दांवर निघाला. बर्मिंगहॅमला जे घडलं त्याचा साचा इथे जसाच्या तसा दिसतो: विक्रीसाठी दिलेलं एक नाव, त्यावर चिकटवलेला हेतू, आणि ज्यांनी तोंडही उघडलं नाही त्यांच्याकडे वळलेलं बोट.

खरं तर सणांची नावं सांभाळण्याची महाराष्ट्राची रीत जुनी आणि सरळ आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ खाली राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं. तिच्यात महाशिवरात्र असते, रमजान ईद असते, महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, पारशी नववर्ष, गणेश चतुर्थी, गुरुनानक जयंती आणि नाताळ असतात. पारशी नववर्षापुढे तर कंसात ‘शहेनशाही’ असंही लिहिलेलं असतं, कारण त्या छोट्या समाजातही एकाहून अधिक पंचांगं आहेत. ज्याचा सण त्याच्या नावाने, आणि सुट्टी सगळ्यांना. मला ही यादी फार मोलाची वाटते.

नाव खरोखर पुसलं गेलं असं एक प्रकरण मात्र आहे, आणि त्यात नाव पुसा असं कुणीच म्हटलं नव्हतं. वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत शाळांना ज्यू आणि ख्रिस्ती सणांना सुट्टी असे. मुस्लिम पालक काही वर्षं मागणी करत होते की, ईदचाही विचार व्हावा. २०१५ मध्ये ईद अल-अधा, म्हणजे बकरी ईद, आणि ज्यूंचा योम किप्पूर एकाच सुमारास येत होते, शाळा त्या दिवशी बंदच राहणार होत्या, म्हणून त्यांनी एवढंच मागितलं की दिनदर्शिकेत योम किप्पूरसोबत ईदचंही नाव छापा. नोव्हेंबर २०१४ मध्ये शिक्षण मंडळाने सात विरुद्ध एक मतांनी निर्णय घेतला: सगळ्याच धार्मिक सणांची नावं काढून टाकायची. सुट्ट्या त्याच, तारखा त्याच, ख्रिसमसची जागा ‘हिवाळी सुट्टी’ने घेतली. शाळा धर्मासाठी बंद राहत नाहीत, त्या दिवशी हजेरी कमी असते म्हणून बंद राहतात, हे मंडळाचं कायदेशीर उत्तर होतं. ज्यू आणि ख्रिस्ती पालक रागावले, आणि मुस्लिम पालकांना ईद मिळालीच नाही, वर शेजाऱ्यांचे सण घालवल्याचा बोल त्यांच्या वाट्याला आला.

चार महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या महापौरांनी उलटा रस्ता धरला. शहराच्या सरकारी शाळांच्या दिनदर्शिकेत दोन्ही ईद त्यांच्या नावानिशी घातल्या, पुढच्या वर्षी चांद्र नववर्ष आलं. दिवाळीची मागणी शहराच्या क्वीन्स भागातल्या भारतीय आणि इंडो-कॅरेबियन (कॅरेबियन देशांतून आलेल्या भारतीय वंशाच्या) कुटुंबांनी अनेक वर्षं लावून धरली होती. तिच्यासाठीचा राज्याचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. १ नोव्हेंबर २०२४ला, शुक्रवारी, या शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. त्या वर्षी भारतात ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावर पंचांगकर्त्यांत वाद होता आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ तारखेला झालं, त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांना नेमका तोच दिवस मिळाला. त्यासाठी दिनदर्शिकेतून ना ख्रिसमस काढावा लागला, ना योम किप्पूर, ना ईद.