मॉन्टेसरीची सुरुवातही पाळणाघर म्हणूनच झाली

मॉन्टेसरी म्हणजे शिक्षण आणि पाळणाघर म्हणजे नुसता सांभाळ, अशी सोपी विभागणी आपण करून टाकतो. इतिहास मात्र तिला फारशी साथ देत नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले ‘कासा देई बांबिनी’ (मुलांचे घर) उघडले, ते मुलांना शिकवावे म्हणून नव्हे. तिथल्या पडीक इमारती एका बांधकाम संस्थेने डागडुजी करून भाड्याने दिल्या होत्या. आईवडील दिवसभर कामावर आणि शाळेचे वय न झालेली पोरे जिन्यांत मोकाट. नव्याने रंगवलेल्या भिंती खराब होऊ लागल्या, तेव्हा या मुलांना एका खोलीत बसवून कुणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवावे, एवढेच मालकांना हवे होते. देखरेखीची जबाबदारी डॉ. मारिया मॉन्टेसरींकडे आली.

पाळणाघराची परंपरा त्याहून जुनी. रॉबर्ट ओवेनने १८१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथे, आपल्या सूतगिरणीतल्या कामगारांच्या लहानग्यांसाठी बालशाळा काढली. १८४४ मध्ये पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो यांनी पहिले ‘क्रेश’ सुरू केले. कामकरी आया तान्ह्या बाळांना तिथे ठेवत आणि मधे येऊन अंगावर पाजून जात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये उद्योगपती हेन्री कायझर यांच्या जहाज कारखान्यांच्या दारातच पाळणाघरे उघडली. ती चोवीस तास चालत, आणि पाळी संपवून निघालेल्या आईला तिथूनच शिजवलेले जेवणही घरी नेता येई. युद्ध संपले, बायकांचे काम गेले आणि ती बंदही झाली. पाळणाघराचे घड्याळ आईबापांच्या कामावर चालते, हे यातून लख्ख दिसते. त्यात कमीपणा काहीच नाही. ती गरज खरी आहे, आणि दुपारी सुटणारी मॉन्टेसरी ती भागवत नाही. (मूळचे ‘कासा’ हिवाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी चार चालावे, असे वेळापत्रक खुद्द मॉन्टेसरीबाईंनी दिले होते, हे अनेकांच्या गावी नसते.)

मग वाटा वेगळ्या झाल्या कुठे? मॉन्टेसरीबाई डॉक्टर होत्या. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांबरोबर त्यांनी आधी काम केले होते, आणि इतार्द व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे लिखाण बारकाईने अभ्यासले होते. त्या अनुभवातून घडवलेली साधने त्यांनी सान लोरेन्झोत आणली आणि मुले काय करतात ते बघत राहिल्या. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दंडगोल त्यांच्या खाचांत बसवत होती. एकदा झाले की सगळे काढून पुन्हा पहिल्यापासून. भोवती इतर मुलांना गाणी म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने मान वर केली नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती थांबली, तीही स्वतःहून. पुढे एकदा साधनांच्या कपाटाला कुलूप घालायचे राहून गेले, तेव्हा मुलांनी आपापले साहित्य निवडून काम सुरू केले होते. कुलपाच्या कपाटांऐवजी मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या फळ्या आल्या, त्या यानंतर.

माझ्या मते खरा फरक या दोन प्रसंगांत आहे. दंडगोल चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक उरतो किंवा बसतच नाही. चूक वर्गातल्या बाईंनी दाखवावी लागत नाही. त्यामुळे बाईंचे काम बदलते. त्या शिकवण्यापेक्षा पाहतात जास्त, आणि नेमक्या वेळी नवे साधन पुढे करतात. सकाळचे सुमारे तीन तास सलग मोकळे ठेवायचे, ते याच एकाग्रतेसाठी. नेहमीच्या पाळणाघरात खेळ, खाऊ, झोप सगळ्यांची एका वेळी होते, कारण मोजक्या माणसांना बरीच मुले सांभाळायची असतात. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र ठेवण्याचे तत्त्व मात्र काहीसे योगायोगाने आले असावे. इमारतीतली शाळेचे वय न झालेली सगळीच मुले त्या एका खोलीत होती.

आज पाटीवरून काहीच कळत नाही. मॉन्टेसरीबाईंनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर कडक पकड ठेवली, पण नाव कुणाच्या मालकीचे राहिले नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये ते सर्वसामान्य शब्द ठरले. त्यामुळे तिथे मॉन्टेसरी साधनांतले चार गुलाबी ठोकळे मांडून कोणतेही पाळणाघर स्वतःला मॉन्टेसरी म्हणवू शकते. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. मुलाला स्वतः उचलता येईल एवढी खुर्ची आणि हात पोहोचेल असे हात धुण्याचे भांडे, ज्यांचा आग्रह मॉन्टेसरीबाईंनी सान लोरेन्झोत धरला होता, ते आता मॉन्टेसरीचे नावही न घेणाऱ्या पाळणाघरांत दिसते.