गिरणी ठेवायची तर हिशेब कुठला मांडायचा?

शाहू मिल म्हटलं की कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना आधी भोंगा आठवतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली या गिरणीचा पाया घातला, 2003 मध्ये ती बंद पडली. 2022 साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिथं प्रदर्शनं भरली आणि दगडी भिंतींत पुन्हा माणसं दिसली. अशा वास्तूंवर वाद रंगला की एकजण वारसा म्हणतो, दुसरा मोक्याची जागा. तिसरा हिशेब कार्बनचा. तो मात्र बहुतेक वेळा उलटा मांडला जातो.

‘या भिंती उभारायला केवढी ऊर्जा लागली, ती वाया जाईल,’ असं म्हणतात. अहो, तो धूर शंभर वर्षांपूर्वीच हवेत गेला. इमारत राखली म्हणून परत येणार नाही. मोजायचं ते हे, की आज नव्यानं काय ओतावं लागणार नाही.

हजार चौरस फुटांचा सहा इंची स्लॅब घ्या. साधारण 14 घनमीटर काँक्रीट, म्हणजे 110 पोती सिमेंट, साडेपाच टन. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो: शंभर किलो शुद्ध चुनखडीमागे 44 किलो. भट्टीच्या इंधनाचा वेगळा. टनभर साध्या सिमेंटमागे 800 ते 900 किलो धरला, तर एका स्लॅबमागे साडेचार टनांच्या आसपास जातो. राखमिश्रित सिमेंट वापरलं तर कमी. सळई अजून धरलेलीच नाही.

अमेरिकेतल्या ‘प्रिझर्व्हेशन ग्रीन लॅब’नं 2011 मध्ये हा हिशेब तपशिलात केला. नवी इमारत 30 टक्के कमी ऊर्जा खाणारी असली, तरी तिच्या बांधकामातल्या कार्बनचं कर्ज फिटायला 10 ते 80 वर्षं लागतात, असं निघालं. पण गोदामाचे फ्लॅट केले तिथं हा फायदा उरला नाही, कारण नवं सामानच फार लागलं. मला यातला हा अपवाद जास्त मोलाचा वाटतो. गिरणीचा लांबरुंद मोकळा शेड संग्रहालयाला, बाजाराला, कार्यशाळेला जवळपास आहे तसा चालतो. त्यात हॉटेलच्या खोल्या कोंबल्या की हिशेब फिसकटला.

खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतील तर आणखी जपून. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. उद्यमनगरातला कुणीही फौंड्रीवाला सांगेल. वर माळा चढवण्याआधी तपासणी हवीच.

आता भिंती. दगडांमधल्या चुन्याला नख लावलं की पांढरट भुगा पडतो. तो बघून ठेकेदार सिमेंटनं दरजा भरून मोकळा होतो. चुना ओल घेतो आणि सोडतोही. सिमेंट तिची वाट बंद करतं. कोल्हापूरचे पावसाळे दोन-चार झाले की आतून पोपडे सुटू लागतात. जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत, आणि गुळाला इथं काय तोटा? शिवाय भाजताना दगडातून गेलेला कार्बन डायऑक्साइड चुना घट्ट होताना बराचसा परत ओढून घेतो. इंधनाचा तेवढा हवेतच राहतो.

छपराची गंमत वेगळीच. करवतीच्या दातांसारखं छप्पर ही गिरण्यांची इंग्लंडहून आलेली रीत. तिथं दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, म्हणून काचा उत्तरेला: उजेड येतो, ऊन नाही. कोल्हापूर 16.7 अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे असं छप्पर इथं जसंच्या तसं बसवलेलं असेल, तर मान्सूनआधीच्या ऐन उकाड्यात ऊन थेट काचांवर. त्यावर लगेच एसी बसवायची गरज नाही. उभ्या काचेवर वीतभर पत्र्याचा छज्जा दुपार निभावतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला मात्र उभ्या पट्ट्या लागतात.