पाठबळ देणारी व्यवस्थापन शैली

सपोर्टिव्ह मॅनेजमेंट म्हणजे हाताखालच्या माणसांच्या मागे लागून काम काढून घेण्यापेक्षा त्यांना ते नीट जमावं म्हणून शिकवणं, अडलेलं सोडवून देणं आणि चुकलं तर सोबत बसून दुरुस्त करणं. यात टार्गेट सोडून द्यायचं नसतं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या रेन्सिस लिकर्ट यांनी 1961 मध्ये याची नीट मांडणी केली, की साहेबाशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहारातून माणसाला आपली काही किंमत आहे असं वाटलं पाहिजे. 1971 मध्ये नेतृत्वाचे अभ्यासक रॉबर्ट हाउस यांनी नेत्याचं वागणं कामाच्या स्वरूपाशी जोडलं, आणि त्यातून पुढे आलं की काम कंटाळवाणं किंवा ताणाचं असतं तिथे असा मॅनेजर जास्त उपयोगी पडतो. पण आपल्यासाठी जास्त कामाचं आहे ते पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांचं 1980 मधलं म्हणणं. भारतात माणसं वरिष्ठांकडून आपुलकी आणि मार्गदर्शन दोन्हीची अपेक्षा ठेवतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी 'तुम्हीच ठरवा' म्हटलं तर ती बावचळतात, म्हणून माया करायची पण ती कामाशी बांधलेली ठेवायची आणि माणूस तयार होत जाईल तसं स्वातंत्र्य वाढवत न्यायचं.

महाराष्ट्रात हे जवळून बघायचं तर आशा योजनेतल्या गटप्रवर्तक ताईंचं काम बघावं. साधारण 20 आशांमागे त्यांचं काम बघणारी आणि त्यांना मदत करणारी एक गटप्रवर्तक असते. बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या कामातून पुढे आली आणि आज ती आशांच्या रोजच्या कामात आहे. आता नवीन आशा बाळाचा श्वास मोजताना गडबडते, बाळ हललं की आकडा चुकतो. नुसतं रजिस्टर तपासणारी ताई भरलेला फॉर्म बघून सही करेल आणि निघून जाईल, पण शिकवणारी ताई त्याच घरात शेजारी बसते, बाळ शांत होऊ देते, पूर्ण एक मिनिट दोघी वेगवेगळं मोजतात, आकडे जुळले नाहीत तर परत मोजतात, आणि आकडा 60 किंवा त्याहून जास्त आला, म्हणजे श्वास धोक्याइतका जलद असला, तर काय करायचं ते तिथेच पक्कं करून घेतात. यात वेळ जातो हे खरं, पण पुढच्या घरी ती आशा एकटी असणार आहे.

अडचणी बऱ्याच आहेत. गोड बोलणारा साहेब कडक बोलायची वेळ आली की टाळाटाळ करतो, आणि मग काम न करणाऱ्याचा बोजा करणाऱ्यावर पडतो, हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. मदत करता करता स्वतःच सगळं करून टाकणं हाही तसाच प्रकार, त्यात माणूस कधी शिकतच नाही. शिवाय जो मन मोकळं करायला सांगतो तोच वर्षाअखेरीला अप्रेझल लिहितो, त्यामुळे लोक लगेच मोकळे होत नाहीत, त्याला वेळ द्यावा लागतो. आणि मोकळे झाले की आधी चुकांचा आकडा वाढलेला दिसतो! अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, कारण तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. हे माहीत नसलेले वरचे साहेब नेमका तोच आकडा बघून मॅनेजरला झापतात.

वरचे लोक हाच खरा अडसर. अमेरिकन संशोधक डोनाल्ड पेल्झ यांनी 1952 मध्येच दाखवलं होतं की सुपरवायझरचं वर काही चालत असेल तरच त्याच्या आपुलकीचा हाताखालच्यांना फायदा होतो, नाहीतर नुसती अपेक्षा वाढते आणि मग निराशा येते. गटप्रवर्तक ताई स्वतः कायम नोकरीत नाहीत, आशाचा थर्मामीटर बंद पडला किंवा मानधन अडकलं तर त्या फक्त वर सांगू शकतात, आणि तिथून उत्तर आलं नाही तर पुढच्या भेटीत आशाला तोंड त्यांनाच द्यावं लागतं.