ईश्वरसिद्धी

ईश्वरसिद्धी : ईश्वर आहे, हे केवळ श्रद्धेवर न सोडता प्रमाणांनी, मुख्यतः अनुमानाने, दाखवून देण्याचा प्रयत्न. भारतीय दर्शनांत हे काम न्याय-वैशेषिकांनी (तर्क व परमाणुवाद यांवर भर देणाऱ्या जोडदर्शनांनी) अंगावर घेतले. बौद्ध, जैन, सांख्य आणि मीमांसक यांनी त्याला विरोध केला. या वादात ईश्वर मानणारे आणि न मानणारे अशा दोनच फळ्या होत्या, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ईश्वर मानणारा, पण अनुमान त्याच्यापर्यंत पोचते हे नाकारणारा तिसरा पक्ष तितकाच भक्कम आहे आणि मराठी परंपरा समजून घ्यायला तोच अधिक उपयोगी पडतो.

न्यायमतातील मुख्य अनुमान असे : पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे, कारण ती कार्ये (उत्पन्न झालेल्या वस्तू) आहेत, घटाप्रमाणे (मडक्याप्रमाणे). नैयायिक उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात (प्रकरणात) ‘कार्य’ या हेतूला (अनुमानाच्या आधाराला) आणखी सात हेतू जोडलेले आहेत. आयोजन म्हणजे सृष्टीच्या आरंभी परमाणूंना एकत्र आणणारी क्रिया, धृती म्हणजे जगाचे धारण, पद म्हणजे विणकामासारख्या परंपरेने चालत आलेल्या व्यवहारांचा पहिला शिक्षक. प्रत्यय, श्रुती आणि वाक्य हे हेतू वेदाशी निगडित आहेत. आठवा, संख्याविशेष, सर्वांत तांत्रिक आहे. द्व्यणुकाचे (दोन परमाणूंच्या जोडीचे) परिमाण (आकारमान) परमाणूच्या परिमाणातून आले असे मानले, तर ते परमाणूहूनही सूक्ष्म व्हायला हवे. म्हणून ते दोन या संख्येतून येते असे मानावे लागते. द्वित्व उत्पन्न व्हायला ‘हा एक, हा एक’ अशी अपेक्षाबुद्धी लागते. सृष्ट्यारंभी जीवांना शरीर-मन नसल्यामुळे ही बुद्धी त्यांची असू शकत नाही. उरतो तो ईश्वर. परमाणुवाद न मानणाऱ्याला हा हेतू पटण्याचे काही कारण नाही, पण न्यायदर्शनाच्या चौकटीत तो फार बारकाईने बसवलेला आहे.

प्रतिपक्षाचा नेहमीचा आक्षेप असा, की घटाचा कर्ता देहधारी असतो. पृथ्वी कोणत्याही शरीराने निर्माण केलेली दिसत नाही, म्हणून ती कर्त्यावाचूनची आहे. नैयायिक उत्तर देतात, की येथे ‘शरीर’ हे विशेषण निरुपयोगी आहे. अजन्यत्वाने (कधी उत्पन्नच न झाल्याने) जे (कर्ता नसणे) सिद्ध होते, त्यासाठी शरीराची भर घालण्याची गरज नाही. रानात आपोआप उगवणारा अंकुर व्यभिचाराचे (नियम मोडल्याचे) उदाहरण म्हणून पुढे केला जाई. त्यावर, अंकुराचाच कर्ता वादग्रस्त असल्याने तो पक्षात (ज्यांचा कर्ता सिद्ध करायचा आहे त्या वस्तूंत) मोडतो, त्याला विरोधी दृष्टांत म्हणून वापरता येत नाही, असे ते म्हणत. हे उत्तर तर्कशास्त्रीय दृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यामुळे कोणतेही विरोधी उदाहरण पुढे करणे अशक्य होते, ही अडचण राहतेच.

सर्वांत मर्मभेदी आक्षेप बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा आहे. प्रमाणवार्तिकात तो म्हणतो, की विशिष्ट प्रकारच्या रचनेचा कर्त्याशी संबंध आपण पाहिलेला असेल, तरच तशा रचनेवरून कर्त्याचे अनुमान करता येते. केवळ ‘रचना’ या शब्दसाम्यावर भागत असेल, तर घट मातीचा व कुंभाराने केलेला म्हणून वारूळही कुंभाराचेच ठरेल. विक्रमशिला या बौद्ध विद्यापीठातील ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांचे ग्रंथ राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात मिळालेल्या हस्तलिखितांमुळे उजेडात आले. अनंतलाल ठाकूर यांनी ते १९५७ व १९५९ मध्ये संपादून प्रसिद्ध केले.

उदयनाचा काळ वादग्रस्त आहे. त्याच्या लक्षणावली या ग्रंथाच्या अखेरीस ‘तर्काम्बराङ्क’ हा शककालाचा निर्देश येतो. तर्क ६, अंबर ०, अंक ९. आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असल्याने शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४-८५. हा काळ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. परंतु श्रीधर या वैशेषिक पंडिताची न्यायकंदली शके ९१३ ची आहे आणि उदयनाची किरणावली तिच्यातील मतांना उत्तर देते असे दिसते. शिवाय उदयनाच्याच आत्मतत्त्वविवेकात ज्ञानश्रीमित्राच्या मतांचे खंडन आहे आणि ज्ञानश्रीमित्र बहुधा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हयात होता. दिनेशचंद्र भट्टाचार्य यांनी ‘अंबर’च्या जागी ‘स्वर’ (७) असा पाठ सुचवून शके ९७६ (इ. स. १०५४) हे वर्ष काढले. पाठ बदलून काळ काढणे धोक्याचे असते हे खरे. तरीही अंतर्गत पुरावा अकराव्या शतकाकडेच अधिक झुकतो. तसे असल्यास उदयन आणि पश्चिमेत ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारा अ‍ॅन्सेल्म हे जवळजवळ समकालीन ठरतात. पाश्चात्त्य परंपरेत पुढे ह्यूम (१७७९) व कांट (१७८१) यांनी अशा सिद्धींवर केलेली टीका निर्णायक मानली जाते.

ईश्वर मानणाऱ्या, पण अनुमान नाकारणाऱ्या तिसऱ्या पक्षाचे सर्वांत स्पष्ट प्रतिपादन वेदान्ती आचार्य रामानुजांच्या श्रीभाष्यात (ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात) आहे. जग हे कार्य असेलही, पण ते एकाच कर्त्याचे आहे आणि एकाच वेळी घडले आहे, हे अनुमान सांगू शकत नाही. मोठी वास्तू अनेक हातांनी उभी राहते. ईश्वर शास्त्रानेच कळतो, असा त्यांचा निष्कर्ष. स्वतः उदयनही न्यायकुसुमांजलीच्या आरंभी सांगतो, की ही न्यायचर्चा म्हणजे श्रवणानंतरचे (शास्त्र ऐकल्यानंतरचे) मनन, म्हणजे उपासनाच आहे. हे विधान अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही.

नाशिक परिसर : या वादाची मराठी बाजू या एका परिसरातून पाहता येते. येथे ईश्वर मानणारे व न मानणारे संप्रदाय शेजारी-शेजारी नांदले. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांतील (पांडवलेणी) सातवाहन व क्षत्रप लेख बौद्ध भिक्षुसंघाला दिलेल्या दानांचे आहेत. अंजनेरी येथे शके १०६३ (इ. स. ११४१) चा यादवकालीन लेख जैन मंदिराच्या दानाविषयी आहे. तेथून जवळच त्र्यंबकेश्वर हे ज्योतिर्लिंग आहे.

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे शिष्य व धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांनी ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात तर्काला गणेशाच्या हातातील परशू म्हटले आहे. म्हणजे तर्काला तेथे मानाचे स्थान आहे. मात्र ज्ञानेश्वरांच्याच अमृतानुभवात शब्दादी प्रमाणांना (ज्ञानाच्या साधनांना) स्वयंप्रकाश वस्तू (स्वतःच प्रकाशणारे परमतत्त्व) उजळण्याचा अधिकार नाकारलेला आहे. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात ते आणखी पुढे जातात : शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच असते. रामानुजांनी अनुमान सोडून शास्त्र धरले; ज्ञानेश्वर शास्त्रावरही थांबत नाहीत, अनुभवावर येतात. मराठी तत्त्वचिंतनातील ही भूमिका न्यायाच्या ग्रंथांइतक्याच काटेकोरपणे अभ्यासली जायला हवी.

आधुनिक काळात याच जिल्ह्यातील दोघांनी हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी हाताळला. निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) प्रार्थनासमाजाचे; कोणताही ग्रंथ अपौरुषेय न मानता विवेकबुद्धीला पटेल असा एकेश्वरवाद त्यांनी मांडला. भगूरचे विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) यांनी ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधात जग माणसाच्या सोयीसाठी रचले आहे ही समजूत खोडून काढली. पृथ्वीवर माणसाला पोषक जितके आहे तितकेच मारकही आहे. त्यामुळे नियमबद्ध विश्वशक्ती मानली, तरी तिला दयाळू म्हणता येत नाही.

पंचवटीतील काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची मागणी प्रवेशाच्या समान हक्काची होती; देव आहे की नाही, हा तेथे प्रश्नच नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात ईश्वरकर्तृत्वावरचे आक्षेप एकत्र आले आहेत. त्यांपैकी एक असा : ईश्वराने जग शून्यातून केले म्हणावे तर ते अशक्य, कशापासून तरी केले म्हणावे तर ते द्रव्य आधीच होते, मग तो त्याचा कर्ता नव्हे. परमाणू नित्य मानणाऱ्या नैयायिकांना यातला दुसरा पर्याय मान्यच आहे; ईश्वर हे केवळ निमित्तकारण (आधीच असलेल्या द्रव्याला घडवणारा), असे ते उघडपणे म्हणतात. नेमक्या याच मतावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेतला होता.