जॅक ब्रॉटन

ब्रॉटन, जॅक : (सु. १७०३ – ८ जानेवारी १७८९). हातमोज्यांविना, नुसत्या मुठींनी लढणारा इंग्लंडचा एक आरंभीचा विजेता आणि मुष्टियुद्धाच्या पहिल्या लिखित नियमांचा कर्ता. तरुणपणी तो लंडनला टेम्स नदीवर उतारूंची होडी वल्हवत असे. १७३० साली नावाड्यांची मानाची डॉगेट शर्यत त्याने जिंकली. त्या काळच्या लढतींत केस धरून ओढणे, खाली पडलेल्यालाही बडवणे चालून जाई. ब्रॉटनने त्यात ठोसा अडवण्याचे आणि मागे सरकत मारण्याचे तंत्र आणले.

त्याच्याशी लढलेला जॉर्ज स्टीव्हनसन पुढे त्या मारानेच दगावला. नियमांची कल्पना त्यातून सुचल्याचे परंपरेने सांगतात. १६ ऑगस्ट १७४३ रोजी त्याने ऑक्सफर्ड रोडवरील आपल्या आखाड्यासाठी सात नियम जाहीर केले. मंचाच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा. कोणी पडला की त्याच्या साथीदाराने अर्ध्या मिनिटात त्याला त्या चौकोनाच्या कडेला आणून उभे करायचे. नाही जमले तर हार. पडलेल्यावर हात उचलायचा नाही, कमरेखाली धरायचे नाही आणि गुडघे टेकलेलाही पडलेलाच समजायचा. कंबर धरून आपटण्याला मात्र मुभा राहिली. पडलेल्या माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळाला, हे या नियमांचे खरे मोल. १८३८ मध्ये नवे नियम येईपर्यंत, जवळजवळ शंभर वर्षे, लढती याच चौकटीत झाल्या. सरावासाठी भरीव हातमोजेही त्यानेच प्रचारात आणले. ते घालून उमराव घराण्यांतली मुले त्याच्याकडे शिकत.

एप्रिल १७५० मध्ये जॅक स्लॅक या खाटकाने त्याला हरवले. सुरुवातीला ब्रॉटनच वरचढ होता. पण डोळ्यांच्या मधोमध बसलेल्या एका ठोशाने दोन्ही डोळे सुजून मिटले आणि समोरचा माणूस त्याला दिसेनासा झाला. तरीही तो हार मानायला तयार नव्हता. अवघ्या चौदा मिनिटांत लढत संपली. त्याचा आश्रयदाता, कंबरलंडचा ड्यूक, पैजेत मोठी रक्कम हरला आणि पाठोपाठ आखाडाही बंद पडला.

ब्रॉटन त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे जगला. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या ओवरीत त्याची स्मृतिशिळा आहे. ‘इंग्लंडचा विजेता’ हे शब्द अशा पवित्र जागी शोभणार नाहीत म्हणून तिच्यावर तेवढी जागा कोरी ठेवली होती; ती १९८८ मध्ये भरली.