पळत्या कॅसेटला पेटीची साक्ष

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते आणि त्या रात्री भजन मंडळ पहाटेपर्यंत गाते. साधारण 35 वर्षांपूर्वीच्या अशाच एका रात्रीची 60 मिनिटांची कॅसेट मंडळाच्या पेटीवादक काकांनी मला आणून दिली. जुने रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्याचा माझा छंद गावात सर्वांना माहीत आहे. धानाच्या पट्ट्यातील पावसाळी ओल आणि वैशाखातील भाजणारे ऊन हे दोन्ही सोसलेल्या त्या कॅसेटच्या फितीच्या कडेवर बुरशीची पांढरी रेघ होती, शिवाय फितीला हेडवर, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवून धरणारी फेल्टची इवलीशी गादीही गळून पडली होती. बुरशी तोंडाला फडके बांधून अंगणात झटकली आणि फीत दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. एवढे काम एका दुपारचे होते. पुढचे काम तीन महिने चालले, कारण आवाज ऐकू येऊ लागला तरी तो खरा आहे की नाही, हे ठरवायचे होते.

कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि दर सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या गतीने हेडसमोरून सरकते. एका बाजूच्या 30 मिनिटांसाठी सुमारे 86 मीटर फीत लागते. ध्वनी तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांच्या चुंबकीय मांडणीच्या रूपाने उतरलेला असतो. 10,000 हर्ट्झच्या ध्वनीचे एक पूर्ण आवर्तन या गतीला केवळ 4.76 मायक्रोमीटर लांबीत मावते. त्यामुळे हेडची फट फितीच्या प्रवासाला अगदी काटकोनात नसेल, तर बारीक ध्वनी स्वतःलाच खोडून टाकतो. एकाच कर्ण्याच्या जुन्या टेपमध्ये ध्वनीची पट्टी 1.5 मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर हेड एका अंशाच्या पाचव्या भागाहूनही कमी तिरपे झाले, तरी 10,000 हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू मी केसभर फिरवला आणि आतापर्यंत नुसती थपथप वाटणारी खंजेरी तिच्या झांजांसकट छुमछुमू लागली. या छंदात इतक्या स्वस्तात मिळणारा आनंद दुसरा नाही, असे माझे मत आहे.

गतीचा प्रश्न मात्र स्क्रूने सुटणारा नव्हता. माझ्या टेपचा जुना रबरी बेल्ट चिकट डांबरासारखा झाला होता. तो बदलून फीत पुढे ओढणारा दांडा (कॅपस्टन) आणि तिला त्यावर दाबणारे रबरी चाक (पिंच रोलर) पुसून काढले आणि 3,150 हर्ट्झचा प्रमाण स्वर असलेली चाचणी कॅसेट लावली. नंतर मोटरच्या पाठीमागच्या छिद्रातून बारीक पेचकस घालून मोबाइलच्या पडद्यावर बरोबर तेवढाच आकडा येईपर्यंत तिची गती जुळवली. यातून माझे यंत्र खरे ठरले. त्या रात्री ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राची गती कोणती होती, हे मात्र त्यातून कळत नाही, आणि ते यंत्र केव्हाच भंगारात गेले आहे.

अशा वेळी ध्वनिमुद्रणातच लपलेले एखादे घड्याळ शोधावे लागते. विजेवर चालणाऱ्या टेपमधून 100 हर्ट्झची मंद गुणगुण फितीवर उतरते, कारण 50 हर्ट्झची प्रत्यावर्ती वीज एकदिश करताना तिची दोन्ही अर्धआवर्तने वापरली जातात आणि गाळणीच्या कपॅसिटरमधून थोडा चढउतार निसटतोच. पहिली बाजू विजेवर भरलेली होती. नव्याने घेतलेल्या यूएसबी साउंड कार्डातून ती संगणकात उतरवून वर्णपट, म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारता आहेत त्याचे चित्र, काढल्यावर गुणगुणीची रेघ 97 हर्ट्झवर दिसली. म्हणजे कॅसेट 3 टक्के हळू वाजते आहे, असा हिशोब करून मी सगळी बाजू तेवढी वेगवान केली आणि मोठ्या समाधानाने काकांना ऐकवली. त्यांनी अर्धे कडवे ऐकले आणि पेटी चढली आहे, एवढेच म्हणाले.

चूक माझ्या गृहीतकात होती. आज देशाचे वीजजाळे एकच आहे. 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. ही शिस्त जुनी नाही. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रांवर ओझे पडते, त्यांचे फिरणे मंदावते आणि वारंवारता घसरते. तुटवड्याच्या त्या काळात ती 48 हर्ट्झपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हती. त्या रात्री आमच्या गावात बहुधा 48.5 हर्ट्झची वीज होती आणि तिची गुणगुण अगदी प्रामाणिकपणे 97 वर बसली होती. कॅसेटची मोटर एकदिश विजेवर चालते, म्हणून वारंवारतेच्या या घसरणीचा तिच्या गतीवर काहीच परिणाम झाला नाही. लबाड घड्याळाला लावून मी खरी गती बिघडवली होती.

काकांच्या कानाने मला दुसरे घड्याळ दाखवले. पेटीचा स्वर पितळी पट्टीची लांबी, जाडी आणि कडकपणा यांवर ठरतो. बासरीचे तसे नाही; 15 अंशांवरून तापमान 45 अंशांवर गेले तर हवेतील ध्वनीचा वेग सुमारे 5 टक्क्यांनी वाढतो आणि बासरी त्यासोबत चढू पाहते. पितळी पट्टीवर ऋतूचा फरक नगण्य असतो, टोकाला धूळ बसली तर तेवढी ती किंचित उतरते. मंडळाची तीच पेटी अजून देवळात होती. ठरलेल्या स्वरमानाने काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, 277 हर्ट्झच्या आसपास हवी, या पेटीची 279 वर बोलली. बिघडवण्याआधीच्या मूळ पहिल्या बाजूवरही ती 279 वरच होती. इतक्या वर्षांत पेटीच बदलली नसेल कशावरून, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर काळी चारने दिले. ती पट्टी जराशी उतरलेली आहे, आणि काळी एकशी असलेले तिचे वेडेवाकडे गुणोत्तर कॅसेटवर आणि पेटीत तंतोतंत सारखे निघाले. फितीची गती कितीही बदलली तरी दोन स्वरांमधले गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे ही खूण खोटी ठरू शकत नव्हती.

दुसऱ्या बाजूवर गुणगुण मुळीच नव्हती. वीज गेल्यावर टेप सेलवर चालवलेला होता. सेल उतरू लागले तरी मोटरचा गतिनियंत्रक काही काळ गती सांभाळतो, पण विजेचा दाब एका मर्यादेखाली गेला की मोटर हळू पडते. हळू फिरणाऱ्या फितीवर भरलेला आवाज नेहमीच्या गतीने वाजवला की जलद आणि उंच ऐकू येतो. इथे लयीवर विसंबून चालत नाही, कारण भजन शेवटाकडे चढत्या लयीत जाणारच. म्हणून मी दर दहा सेकंदांना काळी एक मोजली आणि आलेख काढला. 17 व्या मिनिटापर्यंत तो सपाट होता, तिथून चढत चढत 28 व्या मिनिटाला काळी एक थेट काळी दोनच्या जागी, म्हणजे सुमारे 12 टक्के वर पोहोचली.

संगणकात लय तशीच ठेवून केवळ स्वर उतरवण्याची सोय असते, पण या कामात ती निरुपयोगी आहे. दोष गतीचा असेल तर स्वर आणि वेळ दोन्ही एकदमच सैल करावे लागतात. आलेखाप्रमाणे प्रत्येक क्षणाचे नमुने पुन्हा मोजून मांडले, तेव्हा ती बाजू साधारण 40 सेकंदांनी लांबली आणि आम्हा पोरांना लहानपणी हसू यायचे तो चिरका कोरस पुन्हा मोठ्या माणसांचा झाला.

आलेखात एकच गोष्ट मला उमगत नव्हती. 28 व्या मिनिटाला एक खट्ट असा आवाज होता आणि त्यानंतर काळी एक एकदम खाली, 279 वर, येऊन शेवटपर्यंत तिथेच राहिली होती. कागद काकांसमोर धरून मी त्या पायरीवर बोट ठेवले.

“सेल बदलले होते जी,” ते म्हणाले. “माज्या टॉर्चचे काढून टाकले. घरी अंधारातच गेलो मंग.”