चीटग्रास, सेजब्रश आणि वणव्यानंतर काय पेरायचं याचा जुना वाद

अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमध्ये, म्हणजे नेवाडा, युटा, दक्षिण आयडाहो या कोरड्या पट्ट्यात चीटग्रास नावाचं एकाच हंगामाचं गवत आलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युरेशियातून, धान्याच्या बियाण्यात मिसळून. तोवर बेसुमार चराईने मूळची बारमाही गवतं पार खंगली होती, रान मोकळंच मिळालं. शरद ऋतूत उगवायचं, हिवाळाभर मुळं वाढवून ओल पिऊन टाकायची आणि उन्हाळा लागला की वाळून पेट घ्यायला तयार. सेजब्रश हे तिथलं मूळचं झुडूप जळालं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही आणि त्याचं बी जमिनीत फार काळ टिकत नाही, म्हणून प्रत्येक वणव्यागणिक चीटग्रासचं राज्य वाढतच गेलं.

पण वणव्यानंतर देशी, म्हणजे तिथलंच मूळचं, बी पेरायचं की बाहेरचं, या आजच्या भांडणाचं खरं मूळ १९५० च्या आसपासचं आहे. मेंढ्यांना विषारी असलेलं हॅलोजेटन नावाचं तण नेवाडात १९३४ मध्ये सापडलं होतं, ते पसरायला लागल्यावर मेंढपाळ हादरले, १९५२ मध्ये खास कायदा झाला, पैसा आला आणि त्यातून लाखो एकरांवर क्रेस्टेड व्हीटग्रास पेरलं गेलं. हे गवत सुद्धा बाहेरचंच, रशिया-सायबेरियाकडून आणलेलं, फक्त बारमाही. बी स्वस्त, हमखास उगवतं, ड्रिलने, म्हणजे पेरणी यंत्राने, पेरता येतं, गुरं आवडीने खातात, आणि एकदा जम बसला की चीटग्रासला बऱ्यापैकी रोखतं. त्या काळी देशी गवताचं बी एवढ्या प्रमाणात कुठे मिळतच नव्हतं, हेही खरं. तरी त्याची किंमत मोठी पडली, कारण हे गवत कित्येक दशकं हलत नाही आणि त्याच्यात देशी रोपं घुसवणं महाकठीण, म्हणजे एक परकं गवत थांबवायला दुसरं परकं गवत कायमचं बसवलं गेलं. निदान प्रत्येक पेरणीत थोडा भाग देशी बियाण्यासाठी राखायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

१९९९ मध्ये ग्रेट बेसिनमध्ये प्रचंड वणवे लागले आणि मगच देशी बियाण्याकडे सरकारी लक्ष गेलं. मागणी वाढली, बी अपुरं आणि महाग, त्यात वणव्यानंतरचा निधी ठराविक मुदतीत खर्च करायचा, मग जे गोदामात असेल तेच पेरलं जाणार, आणि ते बऱ्याचदा क्रेस्टेडच असायचं. देशी म्हणून घेतलेलं बी सुद्धा शेकडो मैल लांबच्या जातीचं असायचं, कमी पावसात ते तग धरत नाही, आणि मग "देशी पेरून उपयोग नाही" असा निष्कर्ष निघायचा, जो मला साफ अन्यायाचा वाटतो. आता हवामान आणि उंची बघून कुठलं बी कुठे पेरायचं याचे झोन ठरवलेत, स्क्विरलटेलसारखी चीटग्रासशी टक्कर देणारी देशी गवतं निवडली जातायत. २०१८ मध्ये उत्तर नेवाडात चार लाख एकरांहून मोठा वणवा लागला तेव्हाही बियाण्याचा तोच प्रश्न समोर होता. तणनाशकांनी चीटग्रासचं उगवणं रोखता येतं, पण तेच औषध पेरलेलं देशी बीही मारतं, म्हणून बियांभोवती औषध शोषून घेणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या गोळ्या करून त्यांना वाचवायचे प्रयोग चालू आहेत.